सायकलवर घाट चढणारे पाहुणे आणि आपलं घरकुल : दोन दिवसांच्या श्रमदानातून काय होतं, काय होत नाही

दिवाळी झाली की शनिवार-रविवारी पसरणी घाटात सायकलवाले दिसायला लागतात. पुणे-मुंबईची पोरं-पोरी, काही पन्नाशीचे गडीसुद्धा. वाईतून निघायचं, घाट चढून पाचगणी गाठायची, पुढं महाबळेश्वर. काही जण तर याहून लांबचे असतात. मुंबईहून निघून कन्याकुमारी गाठायची, वाटेत एखाद्या चांगल्या कामासाठी देणगी गोळा करायची, असा त्यांचा बेत असतो. कुणी कॅन्सरच्या रुग्णांसाठी, कुणी मुलींच्या शिक्षणासाठी. पाठीवर संस्थेचं नाव छापलेली बनियन, सायकलला झेंडा.

आता काही गट विचारायला लागलेत, की नुसती देणगी देण्यापेक्षा वाटेत दोन दिवस थांबून कुणाचं घर बांधायला हात लावला तर? ऐकायला चांगलं वाटतं. पण गावात लगेच दोन सूर निघतात. एक म्हणतो, "येऊ द्या की, फुकट मजूर मिळतोय." दुसरा म्हणतो, "फोटो काढायला येणार, जेवण आपल्यालाच घालावं लागणार." दोन्ही सुरांत थोडं थोडं खरं आहे. म्हणून हा प्रकार नेमका काय आहे, जगात कुठं कसा चालतो आणि आपल्या डोंगरी तालुक्यात कसा बसवता येईल, ते नीट बघू.

हा प्रकार आला कुठून

अमेरिकेत 'बाईक अँड बिल्ड' नावाची संस्था २००२ साली सुरू झाली. तरुण मुलं-मुली अटलांटिक समुद्राच्या काठावरून सायकलवर निघायची आणि साधारण दहा आठवड्यांत पॅसिफिकच्या काठाला पोचायची. निघण्याआधी प्रत्येकाने ओळखीपाळखीत फिरून देणगी जमवायची. वाटेत ठराविक दिवशी सायकल बाजूला ठेवून एखाद्या गावात गरिबाचं घर बांधायच्या कामाला लागायचं. संध्याकाळी शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढं.

या सायकलवाल्यांना कामाला लावणाऱ्या संस्थांत मोठं नाव 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'चं. मिलर्ड आणि लिंडा फुलर या नवरा-बायकोने ती १९७६ साली काढली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. घर फुकट द्यायचं नाही. ज्याचं घर, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी बांधकामावर स्वतः राबायचं, बाहेरचे स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली, आणि घराची किंमत बिनव्याजी हप्त्यांनी फेडायची. म्हणजे पैशाच्या हप्त्याच्या आधी घामाचा हप्ता.

हे सगळं लांबचं वाटेल, तर जवळचं सांगतो. २००६ साली ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर मावळात मळवलीजवळच्या पाटण गावी आले होते. हे पाटण लोणावळ्याच्या अलीकडचं, आपलं कोयनेकाठचं नव्हे. हॅबिटॅटच्या त्या आठवडाभराच्या कामात शंभर घरांचं बांधकाम घेतलं होतं आणि देश-परदेशातले स्वयंसेवक आले होते. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे. हातात थापी घेऊन ते घर घेणाऱ्या कुटुंबांच्या शेजारी उभे राहून काम करत होते. पेपरात फोटो आले ते त्यांचे आणि सिनेमा नटांचे. पण पाया आधी खोदून ठेवणं, माल आणून टाकणं, गवंड्यांची जुळणी ही कामं आठवड्याच्या कितीतरी आधीपासून चालू असणार. आठवड्यात घर उभं राहतं ते त्याच्या आधीच्या महिन्यांच्या तयारीवर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडं हे नवं नाही

सायकल आणि श्रमदान या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राने एकाच माणसाकडून बघितल्यात. बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली, ती काश्मीरपर्यंत. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते. बाबांचा मणका कामातून गेलेला, त्यामुळे ते गाडीत आडवे पडून सोबत. पुढं १९८८ साली दुसरी यात्रा अरुणाचल ते गुजरात. त्या यात्रा घरबांधणीच्या नव्हत्या, माणसं जोडायच्या होत्या. पण त्याच बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी भरवली. शहरातली कॉलेजची मुलं उन्हाळ्यात तिथं जाऊन कुदळ-फावडं चालवायला शिकली.

आपल्या सातारा जिल्ह्याचं तर सांगायलाच नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हे नुसतं बोलून दाखवलं नाही. रयतच्या पोरांनी शेती केली, खडी फोडली, आपल्या शाळा-वसतिगृहांच्या बांधकामावर राबली. आणि अलीकडचं म्हणाल तर पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली पहिला नंबर कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने काढला, २०१८ साली माणमधल्या टाकेवाडीने. त्या वेळी एक मे रोजी शहरातली हजारो माणसं श्रमदानाला गावोगाव आली होती. पण गाव आधी रोज पहाटे कामावर होतं आणि पाहुणे एक दिवसाचे होते, म्हणून ते काम टिकलं.

त्याही आधी आपल्याकडं सावड, पैरा, इर्जिक होतीच. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. घर शेकारायचं असलं की अख्खी आळी यायची आणि घरधनी जेवण घालायचा. सायकलवाला पाहुणा हा त्याच पैऱ्यातला गडी. फरक इतकाच, की त्याचा पैरा फेडायला आपण त्याच्या गावाला जाणार नाही.

घरकुलाचं गणित कुठं अडतं

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगरी-दुर्गम म्हणून ठरलेल्या भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान आहे. आपलं गाव कुठल्या यादीत येतं ते ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं. शौचालयाला वेगळे १२ हजार. शिवाय रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर काम केल्याची सपाटीच्या भागात ९० दिवसांची मजुरी असा नियम. २०२५-२६ ला महाराष्ट्रात हा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. ठेकेदार लावायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, आणि काम जसं पुढं जाईल तसा फोटो अपलोड होऊन हप्ता पडतो.

नियम चांगला आहे. पण महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर त्याची परीक्षा होते. सिमेंट, वाळू, खडी रस्त्यापर्यंत येते. पुढं वाडीपर्यंत पायवाट. कोयनेच्या पलीकडं काही ठिकाणी माल आधी लाँचमधून, मग डोक्यावरून. एवढ्याशा घराला सिमेंटच शंभर पोत्यांच्या आतबाहेर लागतं. एक पोतं ५० किलोचं, म्हणजे नुसतं सिमेंट पाच टन. त्यात वाळू, खडी, चिरा नाहीतर वीट, पत्रे, लोखंड. ही डोकी-वाहतूक करायला मजूर लावला तर दोन-तीनशे मीटर चढाचेही पैसे घरमालकाच्या खिशातून जातात. अनुदान सगळ्यांना सारखं, चढ ज्याचा त्याला.

दुसरी अडचण पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत तर एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि वाईच्या बाजूला देवरुखवाडीत दरडी कोसळल्या. तेव्हा बांधकामाला आपल्याकडं दिवाळी ते मे एवढेच महिने. त्यातही मार्चनंतर डोंगरावरच्या वाड्यांना प्यायला पाणी नसतं, तर बांधकामावर मारायला कुठून आणायचं? म्हणून जोत्यापर्यंत आलेलं घर पावसाळ्याआधी छपराखाली गेलं नाही, की वर्ष वाया. हप्ता अडकतो, भिंत भिजते, आणि कुटुंब अजून एक पावसाळा कुडाच्या घरात नाहीतर भावकीच्या पडवीत काढतं.

म्हणजे आपल्याकडच्या घरकुलाला कमी पडतात त्या गोष्टी तीन : चढावरचे हात, पावसाआधीचे दिवस आणि थोडे वरचे पैसे. सायकलवाल्यांचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बांधकामाचा मोसमही तोच. मेळ बसू शकतो तो इथं.

पंधरा जण, दोन दिवस : काय होतं

एक हिशेब मांडून बघू. २६९ चौरस फुटांचं जोतं, दोन फूट उंच भरायचं. म्हणजे ५३८ घनफूट मुरूम, सव्वापाच-साडेपाच ब्रास. एका पाटीत साधारण अर्धा घनफूट धरला तर हजार-अकराशे पाट्या. घरच्या दोन-तीन माणसांना हे एकट्यानं केलं तर आठवडा जातो. पंधरा जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला सत्तर-पंच्याहत्तर पाट्या. एक दिवस भरायला, दुसरा दिवस थराथरानं पाणी मारून धुमस करायला. दोन दिवसांत जोतं भरून तयार. गवंडी सोमवारी आला की थेट भिंतीला हात घालणार.

किंवा शंभर पोती सिमेंट रस्त्यावरून वाडीवर. पोतं पन्नासचं न उचलता अर्ध्या-अर्ध्या भारात घ्यायचं. दोनशे खेपा, पंधरा जणांत तेरा-चौदा खेपा. घाट चढून आलेल्या मांड्यांना हे काम जमतं. सायकलवाल्याच्या पायात जोर असतो, हातात कसब नसतं. त्याला त्याच्या जोराचं काम द्यावं.

देता येतील अशी कामं : जागा साफ करणं, पायाची माती उपसणं, दगड-विटा वाहणं, जोतं भरणं, भिंतीला पाणी मारणं, आतून-बाहेरून चुना-रंग देणं, शोषखड्डा खोदणं. मोसमाच्या शेवटी पावसाळ्याआधी आपल्याकडं भिंतींना झडी बांधतात, त्या बांधायला लागणं. भरपूर हात लागतात, शिकायला एक तास पुरतो, आणि चूक झाली तर घर पडत नाही.

देऊ नयेत अशी कामं : भिंतीचा ओळंबा, स्लॅब, लोखंडाची बांधणी, छपराचे वासे आणि पत्रे, वीज. ही गवंड्याची, सुताराची, वायरमनची कामं. हौशी माणूस भिंत लावायला बसला की गवंड्याचा निम्मा वेळ त्याला शिकवण्यात आणि निम्मा त्याचं काम उकलण्यात जातो. उंचीवर चढवलेला पाहुणा पडला तर त्याची जबाबदारी कुणावर, हेही आधी ठरवा.

चांगल्या मनाने गेलेलं काम का बिघडतं

परगावचे लोक येऊन घर बांधायची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर पियेर सेरेझोल नावाच्या स्विस माणसाने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ उद्ध्वस्त झालेलं गाव उभं करायला एक पथक नेलं. त्यात कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. काम चांगलं होतं, पण गावाच्या मनातली जखम ओली होती. काही महिन्यांतच पथकाला आवरून निघावं लागलं. तोच सेरेझोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर इकडं आला आणि राजेंद्रबाबूंच्या मदतीने, स्थानिक माणसांच्या सोबतीने, तिथं घरं उभी केली. पहिल्या ठिकाणी गावाची तयारी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी गाव बरोबर होतं.

आपल्याकडचं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर देशभरातून मदत आली, नव्या वसाहती झाल्या. घरं पक्की होती. पण गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, औजारं कुठं ठेवायची, हे बऱ्याच घरांच्या नकाशात नव्हतं. नकाशा काढणाऱ्याने शेतकऱ्याला विचारलं नाही, की असं होतं.

म्हणून पाहुणे बोलावण्याआधी चार गोष्टी गावाने स्वतःशी ठरवाव्यात.

पहिली, घर कुणाचं ते ग्रामसभेत ठरावं. सरपंचाच्या जवळच्याचं घर निवडलं, की गावात भांडण आणि पाहुण्यांची बदनामी. विधवा बाई, म्हातारा-म्हातारी, घरात कुणी अपंग, ज्यांच्याकडं पैऱ्याला द्यायला हातच नाहीत, अशांचा नंबर आधी.

दुसरी, हजेरीपत्रक. रोजगार हमीची मजुरी ही त्या कुटुंबाच्या कामाची. पाहुण्यांनी केलेलं काम त्यात दाखवायचं नाही. खोटी हजेरी ती खोटीच, चांगल्या कामासाठी असली तरी. पाहुण्यांना जे काम देऊ ते अंदाजपत्रकाबाहेरचं असावं, जसं चढावरची वाहतूक. म्हणजे कुटुंबाची मजुरीही बुडत नाही आणि गावच्या मजुराचा रोजही नाही. गवंड्याला तर पूर्ण रोज मिळालाच पाहिजे, तो त्या दोन दिवसांचा मास्तर आहे.

तिसरी, जेवण. पंधरा माणसांचा स्वयंपाक त्या घरातल्या बाईवर टाकला, तर मदत कुणी कुणाला केली? शिधा आणि त्याचे पैसे पाहुण्यांचे, स्वयंपाक बचत गटाकडं मजुरी देऊन. मुक्काम शाळेत नाहीतर मंदिराच्या सभामंडपात. ग्लासभर पाणी आणि गुळाचा खडा घरधन्याने द्यावा, तेवढा मान त्याचा.

चौथी, फोटो. घर मिळतंय म्हणून कुणी भिकारी होत नाही. कुटुंबाला विचारूनच फोटो काढायचा, आणि पोराबाळांचे फाटके कपडे दाखवून देणगी मागायची नाही. काढायचाच तर कामावर राबणाऱ्या घरमालकिणीचा काढा, हातात पाटी असताना.

पैशाचं काय

श्रमदानापेक्षा देणगीने जास्त काम होतं, असं कुणी म्हणेल. ते खोटं नाही. समजा पंधरा जणांनी प्रत्येकी पाच हजार जमवले, तर ७५ हजार होतात. बांधकामात मजुरीचा हिस्सा साधारण चौथा ते तिसरा असतो, बाकी सगळा माल. त्यामुळे नुसते हात पुरत नाहीत. पण नुसते पैसेही पुरत नाहीत, कारण ऐन मोसमात वाडीवर माल चढवायला माणूसच मिळत नाही. जो तो स्ट्रॉबेरीच्या रानात नाहीतर हॉटेलच्या कामावर असतो. दोन्ही मिळून आले तर घर पुढं सरकतं.

पैसा हातात रोख देऊ-घेऊ नये. जवळच्या दुकानातून माल घ्यावा, पावती कुटुंबाच्या नावाने, दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. संस्था नोंदणीकृत आहे का, देणगीची पावती देते का, हे पाहुण्यांना विचारायला लाजू नये. परदेशातून आलेला पैसा परवानगी नसलेल्या संस्थेने किंवा मंडळाने घेणं कायद्यात बसत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नये.

आधी कागद, मग कुदळ

महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, खोदाई यांवर बंधनं आहेत, आणि ती गरिबालाही चुकत नाहीत. पाहुण्यांनी उत्साहाने उपसलेला पाया वनखात्याच्या हद्दीत निघाला, तर ते पुढच्या गावाला जातील, नोटीस कुटुंबाला येईल. म्हणून घरकुल मंजुरीचा आदेश, जागेचा उतारा आणि बांधकाम परवानगी बघितल्याशिवाय कुणी कुदळ उचलू नये. पंचायत समितीत घरकुलाचं काम बघणारे अभियंता असतात, त्यांच्याकडून जागेवर आखणी करून घ्यावी. डोंगराच्या पोटात, ओढ्याच्या तोंडाशी जागा असेल तर २०२१ आठवा आणि आधी जागेचा विचार करा. चुकीच्या जागेवर लवकर बांधलेलं घर ही मदत नाही.

सायकल गटांनीही एक करावं. ज्या आठवड्यात यायचं त्याच्या दोन महिने आधी ग्रामपंचायतीला पत्र द्यावं : किती जण, किती दिवस, किती पैसे, कुणाचा विमा. गावाने उत्तरात लिहावं : कुठलं घर, काम कुठपर्यंत आलंय, तुम्ही याल तेव्हा नेमकं काय करायचं, गवंडी कोण. हे दोन कागद झाले, की निम्मं काम झालं. आणि गट पुढं निघून गेल्यावर छप्पर चढेपर्यंत कोण लक्ष ठेवणार, त्याचं नाव त्याच कागदावर असावं.

दोन दिवसांत पाहुणे घर बांधून देणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये. पण एखाद्या म्हातारीचं जोतं नाताळाच्या आत भरलं, सिमेंट वाडीवर पोचलं, तर तिचं छप्पर मेच्या आत चढू शकतं. महाबळेश्वरच्या पावसात एक पावसाळा पक्क्या छपराखाली आणि एक कुडाच्या घरात, यातला फरक ज्याने काढलाय त्यालाच माहीत. ज्या ग्रामपंचायतींच्या यादीत जोत्यावर अडकलेली घरकुलं आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. यादी तयार असली, तर घाट चढून येणाऱ्याला थांबवून विचारता येईल.